कठड्याचे दोन फूट

एप्रिल संपत आला होता. अकोटहून एका मुलीचा फोन आला. आम्ही दर्यापूरच्या बाजूला करतो तेच काम ती तिकडच्या गावांमध्ये करते: विहिरींची पाणीपातळी मोजायची, पाण्याचा खारेपणा मोजायचा आणि गावाला समजेल असा नकाशा करून ग्रामसभेत लावायचा. आमची स्क्रिप्ट, म्हणजे आकड्यांचं गणित करणारा संगणकातला छोटा प्रोग्राम, तिने नेली होती आणि रात्री जेवणं झाल्यावर ती ओळीओळीने वाचत बसली होती. "ताई, एक विचारू? बाकी सगळ्या विहिरींच्या कठड्याची उंची तुम्ही तक्त्यातून घेता. मग चौदा नंबरच्या विहिरीतून हे शून्य पॉइंट साठ वेगळे कायले वजा केले?" मी संगणक उघडला. फाइलच्या मध्यावर ती ओळ होती. विहीर चौदा असेल तर साठ सेंटिमीटर आणखी कमी करा, बस. वर टिपण नाही, खाली टिपण नाही. लिहिणारा आमचा जुना सहकारी आता पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोन लावला. तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "काहीतरी कारण होतं ताई. उगाच नाही लिहिणार मी." त्याच्यावर माझा विश्वास आहे. तो विहिरीच्या काठावर उन्हात उभा राहून दोनदा टेप सोडणारा मुलगा होता. म्हणूनच त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या काळजीने काम करणाऱ्या माणसाचं कारण तो गेल्यावर कुठेच उरत नाही, ही गोष्ट मला सहन होईना.

विहीर मोजणं दिसायला सोपं आहे. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, कठड्यावरून खाली सोडायचं, पाण्याला टेकल्याचा आवाज कानाने टिपायचा आणि आकडा वाचायचा. आकडा कठड्याच्या वरच्या कडेपासून येतो, आणि आपल्याला हवी असते जमिनीपासूनची खोली. म्हणून कठड्याची उंची वजा करावी लागते. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, आम्ही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोजतो. हे मोजमाप करणाऱ्या आमच्याकडे गावातल्याच बाया आहेत. त्या वहीत आकडे लिहितात, कोणीतरी ते तक्त्यात भरतं, आणि मग स्क्रिप्ट पुढचं करते: कठडा वजा करते, गेल्या वर्षीशी ताडून पाहते, खारेपणाचं गणित करते, क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी फाइल काढते. पूर्वी या कामाला आठवडा जायचा. आता बटण दाबलं की चहा उकळेपर्यंत होतं. पण त्या वेगाने एक सवय लावली. फाइल चालते ना, मग आत काय आहे ते कोण बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत मी चौदा नंबरच्या विहिरीवर गेले. पांदण रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे बैलबंडीच्या चाकोऱ्या, कापणी झालेल्या तुरीच्या फणाट्या चपलेला टोचत होत्या. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. शेतमालकीण गोठ्यापाशी शेण उचलत होती. तिला विचारलं, तर तिने क्षणभरही विचार केला नाही. "वासरू पडलं होतं ना बाई इहिरीत. मंग यायनं कठडा दोन फूट वाढवला." दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर. मोजणारी मावशी वाढलेल्या कठड्यावरून टेप सोडू लागली होती, तक्त्यात मात्र जुनी उंची राहिली होती. आमच्या सहकाऱ्याने ही गोष्ट कुठूनतरी ऐकली असणार आणि स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली असणार. त्याने ती घातली नसती तर नकाशावर त्या विहिरीचं पाणी एका वर्षात दोन फूट खाली गेलेलं दिसलं असतं. ग्रामसभेत कोणीतरी बोट ठेवून म्हणालं असतं की शेजारच्या नव्या बोअरमुळे झालं. भांडण लागलं असतं. ते एका ओळीने टळलं होतं, आणि त्या ओळीचं कारण गोठ्यातल्या बाईला ठाऊक होतं, आमच्या फाइलीला नाही.

परत येताना मला आबाजी आठवले.

लहानपणी ते मला पटवाऱ्याकडे घेऊन जायचे. टिनाचं छप्पर, कपड्यात बांधलेली दप्तरं, जुन्या कागदाचा कोंदट वास, भिंतीला टेकून बसलेली माणसं. आबाजींना सातबारा वाचता येत नव्हता असं नाही, चौथी शिकले होते. पण ते नुसता उतारा घेऊन कधी उठायचे नाहीत. नावापुढे गोलात फेरफाराचा नंबर असतो, त्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा वाचून दाखवा." पटवारी कंटाळायचा. मग फेरफाराची वही निघायची, आणि तो वाचायचा की अमुक मयत झाला, वारस अमुक, अर्ज या तारखेचा, नोटीस दिली, हरकत आली नाही, आर.आय. (महसूल निरीक्षक) साहेबांनी प्रमाणित केलं. सातबाऱ्यावर फक्त आज काय आहे ते असतं. जुनं नाव कंसात जातं. ते कंसात का गेलं, कोणी घातलं, कोणाला विचारून, ते सगळं फेरफारात. नोंद घेतली की पंधरा दिवस हरकतीला असतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते आणि सुनावणीशिवाय पुढे सरकत नाही. आबाजींना या रचनेवर फार विश्वास होता. माणसांवर तेवढा नव्हता, आणि त्याला कारणं होती. कोणत्या फेरफाराने आपला बांध हलला हे त्यांनी एकदा शोधून काढलं होतं. पण वही होती म्हणून तर ते शोधता आलं.

आमच्या स्क्रिप्टा म्हणजे नुसते सातबारे होते. फेरफार एकाही फाइलीला नव्हता. आणि सातबारेही एका शेताचे पाच-पाच. एक माझ्याकडे, एक पुण्याला गेलेल्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, एक अकोटला, एक व्हॉट्सॲपवर कोणाला तरी पाठवलेला, एक पेनड्राइव्हवर ज्याचं झाकण हरवलेलं. प्रत्येकाच्या फाइलीत थोडा थोडा बदल, आणि प्रत्येकाने तो चांगल्या कारणासाठी केलेला. नावं तर काय सांगावी: नवीन, नवीन दोन, दुरुस्त, मेची, वापरायची. कोणती कोणापासून निघाली ते ज्याचं त्याला माहीत, आणि ज्याचं त्याला म्हणजे सहा महिन्यांनी कोणालाच नाही.

गिट मला माहीत होतं: फाइलींमधला प्रत्येक बदल, कोणी आणि कधी केला यासकट, नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. शहरात नोकरी करत असताना वापरलेलं होतं. पण ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं आहे, आपल्या चार स्क्रिप्टांना कशाला, असं मनात धरून बसले होते मी. उलट गिटचा जन्मच मोठ्या अडचणीतून आलेल्या साध्या गरजेतून झाला. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, जगभरातून माणसं काम करत होती. त्यांचे बदल सांभाळायला बिटकीपर नावाची एका कंपनीची प्रणाली होती. २००५ साली तिचा फुकट वापर बंद झाला. तेव्हा लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली, आणि ७ एप्रिलला गिटने स्वतःचाच पहिला बदल नोंदवला. जुलैमध्ये त्याने ती जुनिओ हामानो यांच्या हाती दिली आणि तेव्हापासून तेच तिची देखभाल करत आले आहेत. बदल नोंदवून ठेवण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंडने १९७२ साली एससीसीएस लिहिलं, पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास आरसीएस. गिटने वेगळं काय केलं, तर वही एका कचेरीत ठेवली नाही. ज्याने प्रत घेतली त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा सगळा फेरफार जातो. एक संगणक जळाला तरी दुसऱ्याकडे सगळं आहे. नोंद करायला नेटही लागत नाही.

आमच्याकडे ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. मे महिन्यात दुपारी लाइन गेली की कूलर थांबतो, खसाच्या जाळीचा ओला वास तेवढा खोलीत राहतो, आणि लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम. टॉवरलाही कधी रेंज असते, कधी नसते. पावसाळ्यात काळी माती एवढी चिकटते की गाडी सोडा, चप्पल उचलत नाही, मग अकोटहून इकडे येणं बंदच. अशा दिवसांत आम्ही गिटचं बंडल करतो: सगळा इतिहास एका फाइलीत बांधला जातो, ती पेनड्राइव्हवर टाकून एसटीने येणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची. पलीकडे ती उघडली की जणू नेटवरून घेतलं तसं सगळं जुळतं. पेनड्राइव्ह आधीही फिरत होताच. फरक एवढा पडला की आता त्याच्यासोबत कारणंही फिरतात.

सुरुवातीला एक गोष्ट फार खुपली. आमच्या फाइलींची नावं मराठीत आहेत, आणि गिट त्यांची यादी दाखवायला लागलं की 'विहीर' च्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे: ३४०, २४४, २६५, पुन्हा ३४०, २४४... देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, आणि त्या बाइटचे आकडे गिट उघडे करून दाखवत होतं. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, नावं इंग्रजीत करून टाकू. मी नको म्हटलं. ज्या बाया ते तक्ते भरतात त्यांनी फाइल ओळखायची कशी? शेवटी कोटपाथ नावाची एक सेटिंग सापडली, ती बंद केली आणि 'विहीर' पुन्हा विहीर दिसू लागली. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ शोधेपर्यंत ज्या गावचं पाणी मोजायचं त्या गावची अक्षरंच या यंत्राला परकी आहेत असं वाटत राहिलं, आणि त्याचा राग आजही माझ्या मनात थोडा आहे.

खरं काम पुढे होतं. बदल नोंदवताना गिट विचारतं, काय बदललं ते लिहा. सगळे लिहायचे 'बदल' किंवा 'दुरुस्ती' किंवा नुसती तारीख. काय बदललं हे तर गिट स्वतःच दाखवतं, जुनी ओळ लाल, नवी हिरवी. त्याला जे दिसत नाही ते आपण लिहायचं असतं. मग बसून ठरवलं की प्रत्येक नोंदीत विहीर कोणती, कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याने काय पाहिलं, एवढं आलंच पाहिजे. मराठीत, जमेल तसं. हळूहळू नोंदी बदलल्या. त्यातल्या काही मला पाठ आहेत. "विहीर ९: मार्चची मोजणी काढली. मोटर चालू असताना टेप सोडला होता, मावशीने नंतर सांगितलं." "विहीर २२ आणि २३ एकच आहे. दोन भावांच्या वाटणीत दोन नावं पडली." "विहीर ३१: मीटर उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिला होता, त्या दिवसाचे सगळे आकडे बाजूला ठेवले." रात्री कधीकधी मी कामाशिवायच ही नोंदवही उघडते आणि वाचत बसते. गावाचा पाण्याशी चाललेला व्यवहार तिच्यात उतरत गेलाय: कोणाचं वासरू पडलं, कोणाची वाटणी झाली, कोणी बोअर मारला, कोणत्या साली नाल्याचं पाणी विहिरीत शिरलं.

मग आला गुणक.

आमचा हा सगळा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांतून तो पसरलेला. इथल्या कितीतरी विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. माहेरी आलेल्या मुली दोन दिवसांत म्हणतात, पाणी बाधलं. आम्ही मीटरने पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, आणि तिला एका गुणकाने गुणलं की पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज येतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये हा गुणक ०.६४ होता, अकोटच्या मुलीने तिच्या प्रतीत ०.५ केला होता. दोघींनी आपापल्या फांदीवर, म्हणजे गिटमधल्या वेगवेगळ्या धाग्यावर, काम केलं, आणि एकत्र करायला गेलो तेव्हा गिट थांबलं. एकाच ओळीची दोन रूपं आहेत, कोणतं ठेवू, तुम्ही सांगा. आधीच्या दिवसांत, पेनड्राइव्हच्या दिवसांत, हे कळलंच नसतं. तिने तिची फाइल चालवली असती, मी माझी, आणि शेजारशेजारच्या गावांत एकाच खोऱ्याच्या पाण्याचे दोन न्याय झाले असते.

हा किती मोठा फरक आहे, ते आम्ही एका विहिरीवर करून पाहिलं. वाहकता सेंटिमीटरमागे ३५०० मायक्रोसीमेन्स. ०.५ ने गुणलं तर लिटरमागे १७५० मिलिग्रॅम क्षार, ०.६४ ने गुणलं तर २२४०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की क्षार ५०० पर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. म्हणजे तिच्या नकाशावर ती विहीर पिवळी, माझ्या नकाशावर लाल. पाणी तेच, बादली तीच. आम्ही फोनवर खूप वेळ बोललो. तिचं म्हणणं होतं की तिच्या हातातल्या मीटरच्या पुस्तिकेत ०.५ लिहिलंय. मी म्हणत होते की भूजलाच्या कामात ०.६४ सर्रास वापरतात. दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो, कारण हा गुणक पाण्यात कोणते क्षार आहेत त्यावर ठरतो. नुसतं मीठ असेल तर तो ०.५ च्या जवळ राहतो, बाकीचे क्षार वाढले की वर जातो. आणि आमच्या विहिरींत काय आहे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता आम्ही दोघी गप्प झालो.

शेवटी बाटल्या भरल्या. दोन्हीकडच्या काही विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. तिथे पाणी गाळून आटवतात, १८० अंशांना सुकवतात आणि मागे उरलेला क्षार तराजूवर तोलतात. तो तोललेला आकडा आला तेव्हा कळलं की एक गुणक सगळीकडे लागणारच नाही. नदीकडच्या विहिरींचा वेगळा, वरच्या अंगाच्या विहिरींचा वेगळा. मग गुणक स्क्रिप्टमधून काढून तक्त्यात नेला, विहिरीनिहाय. जिथलं पाणी तपासलेलं नाही तिथे दोन्ही उत्तरं काढायची, आणि दोन्ही सीमेच्या एकाच बाजूला पडत नसतील तर नकाशावर त्या विहिरीला करडा रंग द्यायचा: तपासायचं आहे. हा बदल नोंदवताना अकोटच्या मुलीने जी नोंद लिहिली ती या सगळ्या वहीतली सर्वांत लांब आहे. तिच्यात माझं म्हणणं आहे, तिचं आहे, प्रयोगशाळेचे आकडे आहेत आणि आधीचे दोन्ही गुणक का सोडले तेही आहे. हरकत घेणाऱ्याचं म्हणणं हरकत निकाली निघाल्यावरही राहिलं पाहिजे, हे आबाजींना कळत होतं. इथे ते आपोआप राहतं, आणि कोणाला नंतर पान फाडता येत नाही. प्रत्येक नोंदीची खूण तिच्या आधीच्या नोंदीवरून बनते, चाळीस अक्षरांची. मागचं एक अक्षर बदललं तरी तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात, आणि ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांना लगेच दिसतं.

करडा रंग मात्र गावाला आवडला नाही. ग्रामसभेत एका म्हातारीने नकाशा पाहिला आणि सरळ विचारलं, "मंग पाणी प्यावं का नाई, थे सांग ना." माझ्याकडे हो किंवा नाहीचं उत्तर नव्हतं. कॅनचं पाणी विकत घेणं तिला परवडत नव्हतं, नळाला पाणी कधी येतं, कधी आठ-आठ दिवस येत नाही. तपासायचं आहे, हे खरं होतं. पण तहान लागलेल्या माणसाला असलं खरं कितपत पुरतं? दुसऱ्या आठवड्यात त्या विहिरीची बाटली आधी भरून पाठवली. ग्रामसभेत हरकत आली म्हणून, असं नोंदीत लिहिलं.

एका गोष्टीची भीती मला वाटत राहते. ही वही काही विसरत नाही. विदर्भात तर लोकांना जुन्या नोंदीची ताकद चांगली माहीत आहे. जातपडताळणीला पणजोबाच्या जन्माची कोतवाल बुकातली नक्कल काढायला माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, आणि कोण्या कोतवालाने तेव्हा घाईत लिहिलेल्या एका शब्दावर आज मुलाचा प्रवेश ठरतो. गिटमध्ये एकदा गेलेली गोष्ट नंतर खोडली तरी इतिहासात राहते, आणि इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असतो. म्हणून शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, गट नंबर यांचे तक्ते आम्ही वहीत घेतच नाही. ते वेगळ्या जागी, कुलपात. वहीत विहिरीचा फक्त नंबर. पण कारणं लिहायची म्हटली की माणसं येतातच. वासरू पडलं ते कोणाचं, वाटणी झाली ती कोणाची, गावातल्याला नंबरावरूनही कळतं. एकदा एका मुलीने नोंदीत लिहिलं होतं की विहिरीचा मालक कर्जामुळे मोटर विकून बसलाय म्हणून उपसा कमी दिसतो. माहिती खरी, मोजणीसाठी उपयोगाचीही. पण ती दुसऱ्या तालुक्यातल्या लोकांनी का वाचावी? ती नोंद अजून कोणाला गेलेली नव्हती, तिच्याच संगणकावर होती, म्हणून वेळेत बदलता आली. "उपसा बंद, कारण माहीत आहे" असं तिने लिहिलं. हे पुरेसं आहे का, यावर आमच्यात एकमत नाही. मला ते पुरेसं वाटतं.

आणि नाव कोणाचं लागावं? गिट प्रत्येक नोंदीत दोन माणसं वेगळी ठेवतं, बदल ज्याचा तो, आणि तो वहीत चढवणारा. बहुतेक ठिकाणी ही दोन्ही नावं एकाच माणसाची असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे ती बहुधा वेगळीच असायला हवीत. मोटर चालू असताना टेप सोडला होता हे ओळखणारी मावशी संगणकाला हात लावत नाही, पण चूक तिने पकडली. म्हणून अशा नोंदींत कर्ता म्हणून तिचं नाव घालतो, चढवणारी म्हणून टंकणाऱ्या मुलीचं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती घाबरली. "माहं नाव कायले टाकता बाई? उद्या कोणी इचारलं तं?" मी म्हटलं, विचारलं तर तुम्हालाच माहीत आहे ना उत्तर. तिने थोडा विचार केला आणि सगळ्या नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या. ऐकताना दोन ठिकाणी तिने मला थांबवलं. तारखा तिच्या हिशोबात पोळा, दिवाळी, तुरीची सोंगणी अशा असतात, आणि त्या हिशोबाने आमची एक तारीख बसत नव्हती. तिच्या नावाने दुरुस्तीची नवी नोंद चढवली. जुनी तशीच आहे, तिच्या आधी.

आता तेल्हाऱ्याकडच्या एका गटाला ही स्क्रिप्ट हवी आहे. मृग लागायच्या आत त्यांना पहिली मोजणी करायची आहे. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं पडलं की त्यांना शेवटची स्वच्छ प्रत द्यावी, आपल्या आतल्या चर्चा, फसलेले प्रयत्न, गुणकावरची हुज्जत त्यांना कशाला. मी त्याला ठाम नाही म्हटलं. स्वच्छ प्रत दिली की पुन्हा तेच होणार, तिकडच्या कोण्या मुलीला रात्री एखादी ओळ कळणार नाही आणि विचारायला तोवर आपल्यापैकी कोणी इथे नसेल. आमच्या गटातली माणसं टिकत नाहीत. लग्न, नोकरी, पुणे, हे चालूच राहणार आणि त्यात कोणाचाही दोष नाही. अकोटच्या मुलीने माझी बाजू घेतली. तिची एकच अट होती, की पाठवण्याआधी सगळ्या नोंदी पुन्हा वाचायच्या आणि कोणाचं घरगुती दुःख चुकून राहून गेलं नाही ना ते पाहायचं. अर्ध्या ती वाचते आहे, अर्ध्या मी. तेल्हाऱ्याच्या लोकांना तोवर एवढं कळवलं आहे की वही सगळीच्या सगळी येईल, पण गुणक आमच्या तक्त्यातून उचलू नका. तुमच्या विहिरींच्या बाटल्या भरा, तपासून घ्या, आणि जो आकडा निघेल तो कारणासकट आमच्याकडे परत पाठवा.